ओढ्यापलीकडचं घर

शिरगणतीसाठी कचेरीतल्या कारकुनाला त्या वाडीवर धाडलं, तेव्हाच त्याने नाक मुरडलं होतं. भर दुपारी धापा टाकत तो टेकडी चढून आला आणि मनात म्हणाला, हिला वाडी म्हणायचं? उतारावर कुणीतरी भिरकावून दिल्यासारखी सात घरं, खाली गढूळ ओढा, ओढ्यावर दोन फळ्या आणि पलीकडे झाडीत दडलेलं आठवं घर. संपला भूगोल!

माणसंही त्याच मापाची. वय विचारलं की आधी आभाळाकडे बघायची, मग एकमेकांकडे.

"साठ लिहा... नाहीतर सत्तर लिहा," एक म्हातारी म्हणाली. "तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला? तुम्ही आज गेलात तरी पडत नाही, आजी," असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला.

तीन वाजेपर्यंत सात घरांत एकतीस डोकी भरली. आठव्या घराचा त्याला कंटाळा आला. ओढ्याकाठच्या दगडावर बसून त्याने फॉर्म तिथेच उरकला. असल्या जागी राहणार कोण, तर असलेच! म्हातारा, सत्तर, पांगळा. बायको, पासष्ट, आंधळी. मुलगी, तीस, मुकी. अपंगत्वाचा रकाना भरताना तर त्याला भलतीच गंमत वाटली.

मघाची म्हातारी पाण्याला आली होती. "पलीकडे जाऊन आलात?"

"आलो की. तिघं आहेत."

कळशी भरून वाहू लागली तरी ती वाकलेलीच राहिली. "त्या घरात कुणी राहत नाही हो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रिकामंच आहे..."

अडाणी लेकाचे, असं पुटपुटत त्याने फळ्या ओलांडल्या. परतीच्या बसची वाट त्या घरावरूनच जात होती. वारा पडला होता. झाडीत एकही पाखरू बोलत नव्हतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीसारखा कुबट वास येत होता, आणि घराचं दार सताड उघडं होतं.

उंबऱ्यावर एक म्हातारा बसला होता. "या साहेब. उठता येत नाही, राग मानू नका."

आतून बाईचा आवाज आला. "तेच आलेत का हो? जरा जवळ या... मला दिसत नाही."

कारकुनाची पाचावर धारण बसली.

"आमची तक्रार नाही," म्हातारा हळूच म्हणाला. "इतक्या वर्षांत आम्हाला कुणी मोजलंच नव्हतं. पण पोरीला तरी बोलतं ठेवायचं होतंत..."

"मी... मी खोडतो. सगळं खोडून टाकतो."

"खोडू नका!" आतला आवाज चिरकला. "खोडल्यावर आम्ही जायचं कुठं?"

तेवढ्यात अंधारातून ती आली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिने त्याच्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवलं आणि हात पुढे केला. थंडगार बोटं मनगटाला लागली मात्र, पेन उपसून तिच्यापुढे टाकत तो जीव मुठीत धरून पळाला. फॉर्मची पिशवी तेवढी छातीशी घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी फॉर्म चाळले.

"आठव्या घरात चार जण. ठीक आहे."

"तीन, साहेब," तो कसाबसा म्हणाला.

साहेबांनी कागद त्याच्याकडे फिरवला. चौथी ओळ वळणदार, नाजूक अक्षरात होती. पुरुष, वय अठ्ठेचाळीस, धंदा कारकुनी. अपंगत्वाचा रकाना कोरा होता, आणि शाई अजून ओली होती.