मायबाटली

त्या रविवारी मी घरातून निघाले ती एक नरसाळं आणायला. काचेचं, बारीक तोटीचं. जुन्याची कड उडाली होती आणि आमच्या ह्यांना प्लास्टिकचं चालत नाही. त्यातून ओतलं की व्हिस्कीला वास लागतो म्हणे. नवऱ्याच्या व्यसनासाठी बायकोच बाजारात, असं दुकानदार मनात म्हणाला असेल. म्हणू दे. व्यसन नव्हतं ते. त्या दिवसापर्यंत तरी नव्हतं.

नीट सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. हा दिवा जरा इकडे घेऊ का?

आमचे हे चष्मे करतात. मोठे भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, सुतार होते. लग्न केलं नाही, आमच्याच मागच्या खोलीत राहायचे. आईवडील लवकर गेले तेव्हा त्यांनीच ह्यांना लहानाचं मोठं केलं होतं. दोघांना नाद एकच, राय व्हिस्की. राय म्हणजे मोहरी नव्हे, मीही आधी तेच समजले होते. गव्हाच्या नात्यातलं, थंडीत पिकणारं एक धान्य. त्याची व्हिस्की तिखट असते, नाकाला मिरीसारखी झोंबते. रविवारी दुपारी जेवणं झाली की हे दोघे बाटल्या मांडून बसत. एक तापट, एक गोडसर, एक जुनी, लाकडाचा वास मारणारी. औषधाच्या मापाने थोडी ही, थोडी ती, वर ड्रॉपरने पाण्याचा थेंब, की मग दोघेही ग्लासात नाक खुपसून गप्प. मी म्हणायची, "पिताय कमी आणि हुंगताय जास्त. तुमच्यापेक्षा मांजरं बरी." भाऊजी म्हणायचे, "मालकीणबाई, पिता काय कुणालाही येतं."

जमलेलं मिश्रण एका चौकोनी बाटलीत जायचं. तिला ते मायबाटली म्हणत. ती कधी रिकामी करायची नाही. विरजण राखावं तसा तळाशी जुना माल राखायचा आणि वर नवा घालायचा. भाऊजींचा आणखी एक दंडक होता, तो मला कधीच रुचला नाही. ग्लासात उरलेलं पुन्हा बाटलीत ओतायचं, दोघांचंही.

"शी! उष्टं?" मी म्हटलं होतं.

"भावाभावांत कसलं आलंय उष्टं?" भाऊजी हसले. "त्यानेच तर त्याला आमची चव येते."

भाऊजी गेले ते काम करता करताच. रंधा हातात होता. हे कोसळले. बरेच दिवस बाटल्यांकडे फिरकलेसुद्धा नाहीत, आणि मग त्या रविवारी आपणहून म्हणाले, "नरसाळं फुटलंय. आणतेस का एक?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! माणूस पुन्हा कशात तरी रमतोय, आणखी काय हवं होतं मला. अक्षरशः पळत गेले.

परत आले तर टेबलावर दोन ग्लास होते. दोन्हींत ओतलेलं. समोर भाऊजींची रिकामी खुर्ची.

ज्याचं जळतं त्याला कळतं. स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलत बसले. बाहेर आभाळ भरून आलं होतं, दुपार असून दिवा लावावा लागला. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज येत होता. हळू बोलायचे, मग थांबायचे, मग कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं हसायचे. आणि वास येत होता... ताज्या तासलेल्या लाकडाचा. भाऊजींची हत्यारं देऊन टाकली होती, त्यांची खोली मी स्वतः पुसून घेतली होती. घरात लाकडाची एक ढलपीसुद्धा उरली नव्हती.

मी ग्लास उचलायला गेले तेव्हा हे नव्या नरसाळ्यातून उरलेलं परत ओतत होते. आधी स्वतःचं, तळाला राहिलेलं. मग दुसरा ग्लास. तो मघाशी अर्धासुद्धा नव्हता. आता काठोकाठ भरला होता.

"तुम्ही पुन्हा ओतलंत का यात?"

"छे," हे म्हणाले, अगदी सहज. "दादा फुकट पिणारा आहे का? तो आपलं घालतो त्यात."

मी हसण्यावारी नेलं. काय करणार होते? पण मग रविवारचं बसणं रोजचं झालं. नवी बाटली घरात येत नव्हती, तरी मायबाटलीतली पातळी चढत होती आणि हे उतरत होते. उकडलेलं अंडं तोंडात धरून बसायचे, गिळायला विसरायचे. "चवच नाही गं कशाला." दुकानात एका आजीबाईंना दुसऱ्याचाच चष्मा देऊन बसले. जुन्या थट्टा केल्या तर माझ्याकडे टकामका बघायचे. फक्त ग्लास तोंडाला लावला की तेवढ्यापुरते माझे हे परत यायचे, डोळे लकाकायचे, "काय मांजरीणबाई?" म्हणायचे. की लगेच उरलेलं बाटलीत ओतायचे आणि विझायचे. ते डोळ्यांदेखत विझताना बघणं... त्यापेक्षा मार परवडला असता.

"आता थोडंच राहिलंय," एकदा ते म्हणाले.

"कशाचं?"

"मिश्रणाचं. दादा म्हणतो, त्याचं सगळं घालून झालंय. आता माझं... माझंच कमी पडतंय त्यात."

मी बाटली उचलली, मोरीत गेले आणि उपडी केली. पेलाभर गेलं असेल नसेल, बाहेरून ह्यांची किंकाळी आली. मी बाटली तशीच धरून धावले. हे खुर्चीत ताठ बसले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी मान लववली आणि फार अदबीने विचारलं, "आपण कोण?"

त्यानंतर तासभर मी त्यांच्या पायांशी बसून रडले. संध्याकाळी ओळख परतली, पण सगळी नाही. आम्ही पहिल्यांदा कुठे भेटलो, ते मला काय म्हणाले होते, हे त्यांना काही केल्या आठवेना. तेवढा भाग मोरीतून गेला. तेव्हा मला उमगलं. ओतून देता येत नव्हतं. माझा नवरा त्या बाटलीत होता, घोटाघोटाने जमा झालेला, आणि तो परत मिळवायचा तर त्यांनीच तो प्यायला हवा होता, ग्लासात थेंब न ठेवता.

पण समोरचा ग्लास भरल्याशिवाय हे घोट घेत नव्हते. आणि तो ग्लास भरला की काठोकाठ होऊन बाटलीत परत जाणार. इकडे आड तिकडे विहीर. दोन दिवस विचार केला, देवाला शिव्या दिल्या, भाऊजींनाही दिल्या. शेवटी एका दुपारी जेवणं झाल्यावर पदर खोचला आणि भाऊजींच्या खुर्चीत जाऊन बसले.

"तिथे दादा..." हे पुटपुटले.

"दादांनी मला बसायला सांगितलंय," मी ठोकून दिलं. "आज उरवायचं नाही असंही सांगितलंय. प्या."

मी जन्मात दारूला ओठ लावला नव्हता. पहिल्या घोटाला जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी आलं. ग्लास खाली ठेवावा तर त्यातली पातळी चढायला लागे. म्हणून ठेवलाच नाही. गार होता तो, हातात धरवत नव्हता, आणि पाठीला खुर्चीच्या लाकडाऐवजी काहीतरी मऊ टेकल्यासारखं वाटत होतं... श्वास घेणारं. मी वळून पाहिलं नाही. पीत गेले. हेही पीत गेले. ह्यांच्या गालांवर रंग चढताना मी बघत होते, त्या बळावर पीत होते. बाहेर अंधारून आलं तेव्हा मी बाटली उलटी धरली. तिच्यातून काही पडलं नाही. अंगणात नेऊन दगडावर फोडली, काचा गोळा करून कचऱ्याच्या गाडीत दिल्या. नरसाळंही दिलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना भूक लागली. पोटभर जेवले, दुकान उघडलं, येताना शीळ घालत आले. जिंकले मी! असं तेव्हा वाटलं. दारात उभी राहून मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनीही ती दिली. दिली आणि माझ्या खांद्यावरून आत बघत हाक मारली, "अगं, आलो गं!"

"मी इथेच आहे की," मी म्हटलं.

ते थबकले. चष्मा काढून पुसला. माझ्याकडे पाहिलं ते इतक्या मायेने, की तसं त्यांनी मला लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नसेल. लहान मुलासारखं.

"दादा," ते म्हणाले, "ही कुठे आहे रे?"

मी त्यांचे खांदे धरून हलवलं. माझं नाव सांगितलं, ओरडून सांगितलं. ते नुसते हसत राहिले. भाऊजींचा ग्लास मीच तर रिता केला होता. मग पुन्हा त्यांनी आत तोंड करून हाक मारली.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आत्ताच तर मी तिथून आले होते. तरी आतून, मोरीच्या बाजूने ओ आली, "आले हो!" आवाज माझाच होता. हे लगबगीने आत गेले. भांडं वाजलं, पाठोपाठ दोघांचं हसणं ऐकू आलं. ती काहीतरी म्हणाली, माझ्याच आवाजात, माझ्याच तिखटपणाने, आणि ते म्हणाले, "आठवतं तर! आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू हेच म्हणाली होतीस."