टिपणातली एक चूक

"मॅडम, याच्या चाळीस कॉप्या काढू... का आधी दुरुस्त करताय?"

पूर्वीनं मान वर केली. पनवेल एसटी स्टँडसमोरच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात मे महिन्याचं ऊन थेट काउंटरवर येऊन बसलं होतं. पलीकडचा तरुण तिचाच कागद वाचत होता. नववी-दहावीच्या मुलांच्या उन्हाळी इतिहास शिबिरात ती शिकवायची, त्यासाठीचं टिपण.

"काय चुकलंय?"

"'मिठागरं ओसाड जागेवर होती' असं लिवलंय. ओसाड कुठली? आमी होतो ना तिथं!"

ते वाक्य तिनं एका जुन्या पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलं होतं. तिचे कान तापले. "तुम्ही...?"

"मिथुन. गव्हाणचा. चार पिढ्या मीठ पिकवलं आमी."

"मग उद्या मुलांना तुम्हीच सांगा."

"मी? चार माणसं बघितली की बोबडी वळते माझी."

"आत्ता तर नाही वळली."

"आत्ता तुमी एकट्याच हाव ना..." तो म्हणाला आणि उगीचच मशीनचं झाकण उघडून आत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आला — कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मुलांसमोर उभा राहिला आणि खरंच गप्प झाला. मागं कुणीतरी खुदकन हसलं. उगाच आणलं याला, पूर्वीला वाटलं. मग ती मुलांमध्येच जाऊन बसली आणि तिनं हात वर केला.

"सर, मिठागरातून आल्यावर लोक पायांना काय लावायचे?"

मिथुननं फक्त तिच्याकडे पाहिलं. "खोबरेल. आई भेगांत तेल भरायची, कळ आली की मोठ्यानं गाणी म्हणायची..." आणि पुढचा तासभर तो थांबलाच नाही.

शेवटच्या रविवारी मुलांच्या हट्टानं शिबिर गव्हाणला गेलं. मिथुनची आई, हौसा, ओटीवर बसून जुन्या गोष्टी सांगत होती. पूर्वी समोर बसून त्या लिहून घेत होती. हौसा मध्येच लेकाकडे वळली.

"सगली पोरां माझ्याकडं बघतात, तू एकटाच हिच्याकडं बघतोस. कोन रं ही?"

मिथुनचा चेहरा लाल झाला, पण जीभ अडखळली नाही. "मला आवडते. तिला अजून इचारलं नाय."

पूर्वीच्या हातातलं पेन कागदावरच थांबलं. "मग विचारा की..." ती हळूच म्हणाली. "मी — हो म्हणणार आहे."

हौसा गुडघ्यांवर हात टेकून उठली. "चला रं पोरांनो, मागल्या दारी. आंबं कापलेत."

एकही पोर जागचं हललं नाही.