जुनी किल्ली पुसताना

किल्लीवाल्याचा एक नियम होता. गाडी कुणाचीही असो, आधी कागद, मग हत्यारं. बावीस वर्षांत त्याने किती गाड्यांना नव्या किल्ल्या करून दिल्या याची गणती नव्हती, पण चोराच्या हातात एकही गेली नव्हती, निदान त्याच्या माहितीत तरी. म्हणून इमारतीच्या तळघरात, खांबाला खेटून उभ्या असलेल्या त्या करड्या गाडीपाशी पोहोचताच त्याने हात पुढे केला.

बाईंनी प्लॅस्टिकची पिशवी दिली. गाडीची नोंदणी, विमा, नवऱ्याचं ओळखपत्र आणि सगळ्यांत खाली पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत. चौदा महिन्यांपूर्वी घरातून निघून गेलेला माणूस, अद्याप तपास लागलेला नाही.

"शोरूमवाले काय म्हणाले?"

"म्हणाले, मालकांना घेऊन या." बाई जराशा हसल्या. "म्हटलं, तुम्हाला सापडले तर मलाच फोन करा."

किल्लीवाल्याला हसावं की नाही कळेना. त्याने कागद पुन्हा पिशवीत घातले. बाईंनीच पुढचं सांगितलं. चष्मा गाडीत राहिला म्हणून ते खाली उतरले, ते परत वर आलेच नाहीत. गाडी जागच्या जागी, कुलूपबंद. चष्मा आत. किल्ली त्यांच्या खिशात, आणि दुसरी किल्ली त्याच्या आधीच कुठल्याशा प्रवासात हरवलेली. आता सासूबाईंना आठवड्यातून तीनदा रुग्णालयात न्यावं लागत होतं, आणि घरची गाडी डोळ्यांसमोर धूळ खात होती.

"ताई, एक सांगतो," तो म्हणाला. "हातात एकही किल्ली नसली की गाडीची आठवण आधी पूर्ण पुसावी लागते. मगच नवी भरता येते."

"म्हणजे यांची किल्ली?"

"ती मग नुसता प्लॅस्टिकचा तुकडा."

 बाई हळूच म्हणाल्या, "ते आले, आणि त्यांना गाडी उघडलीच नाही तर?"

"आले तर वर येऊन बेल वाजवतील की."

हे बोलताना त्याला आपण फार शहाणपणाचं बोललो असं वाटलं. बाईंनी गाडीच्या टपावरच्या धुळीतून एक बोट ओढलं. "करा," त्या म्हणाल्या, पण त्यांना ते नको होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

त्याने तारेने दार उघडलं, मेलेल्या बॅटरीला आपल्या बॅटरीचा टेकू दिला आणि चालकाच्या जागी बसून मांडीवर यंत्र घेतलं. स्टिअरिंगखालच्या खाचेत वायर बसवली. त्याच्या बाजूला दार आणि खांब यांच्यात एक माणूस जेमतेम तिरका उभा राहील एवढीच फट होती. बाईंना त्याने पलीकडच्या दाराशी उभं केलं आणि त्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली.

"दहा मिनिटं गाडी आपल्याला नुसती थांबवून ठेवते, मग आठवण पुसते. तोवर दार उघडायचं नाही. मध्येच जोडणी तुटली तर गाडीचं डोकं कायमचं बंद."

त्याने बटण दाबलं. आकडे उलटे धावू लागले.

दोन मिनिटं उरली असताना यंत्राच्या पडद्यावर एक ओळ आली. *किल्ल्या आढळल्या : १.*

असं होतं कधीकधी, जवळची एखादी कोरी किल्लीही गाडीला दिसते. त्याच्या कोऱ्या किल्ल्या पत्र्याच्या डबीत होत्या. डबी त्याने काचेच्या फटीतून बाईंना दिली. "जरा लांब ठेवून या." त्या समोरच्या भिंतीपाशी ठेवून आल्या. ओळ तशीच. फक्त तिच्यापुढे आता जागाही दिसू लागली. *मागची डिकी.*

"ताई, डिकीत काही आहे?"

"काही नाही. का?"

 ओळ बदलली होती. *मागचं दार, चालकाची बाजू.* मग, *चालकाचं दार.*

त्याने खांबाच्या फटीकडे पाहिलं. फट रिकामी होती.

आणि त्याच्याखालची खुर्ची सरकली.

मोटरचा बारीक आवाज करत ती मागे गेली, चांगली वीतभर, मग खाली बसली. पाठ तिरकी झाली. बाजूचा आरसा वळला. त्याचे पाय पेडलवरून निसटून अधांतरी राहिले. अशा गाडीत प्रत्येक किल्लीचं माप वेगळं असतं, किल्ली जवळ आली की खुर्ची तिच्या माणसासाठी सरकते, हे त्याने शंभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं. आज त्याने मांडीवरचं यंत्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

बाईंनी काचेला तोंड लावलं होतं. "ही यांची बैठक आहे," त्या म्हणाल्या. "असेच रेलून बसायचे. भाऊ, थांबवा ते!"

"थांबवता येत नाही, ताई."

"पुसू नका! ते आलेत!"

"नाही हो थांबवता येत!"

तीस. वीस. बाईंनी काचेच्या फटीतून हात घातला, तो कोपरापर्यंतही शिरेना. "अहो," त्या त्याच्या पलीकडे, रिकाम्या काचेकडे बघून म्हणाल्या, "अहो, मी नव्हते पुसा म्हणत. मला गाडी हवी होती हो."

शून्य.

चारही कुलपं एकदम खाली बसली. *आठवण पुसली.* आणि लगेच खालची ओळ. *अनोळखी किल्ली. चालकाचं दार.*

त्याच्या बाजूचा बाहेरचा हँडल उचलला गेला. खाली पडला.

दार उघडलं नाही.

पुन्हा उचलला गेला. या वेळी हळू, आपलीच काहीतरी चूक झाली असावी असं वाटणाऱ्या माणसासारखा.

"दार उघडा!" बाई किंचाळल्या. "आतून उघडा! ते बाहेर उभे आहेत!"

पुसून झालं होतं. आता दार उघडायला काहीच हरकत नव्हती. हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. नुसता हात लांब करायचा होता. त्याने हात लांब केला आणि कुलपाचं बटण अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.

हँडल उचलला गेला. पडला. उचलला गेला.

बाई दोन्ही तळव्यांनी काच बडवत होत्या. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण अंगठा उचलेना.

मग हँडल थांबला.

ओळ विझली. *किल्ली आढळली नाही.*

तळघरात नुसती ट्यूबलाइटची गुणगुण उरली. बाईंनी बडवणं थांबवलं. कपाळ काचेच्या कडेला टेकून त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "गेले का?"

"गेले," तो म्हणाला.

त्याच्या कानाजवळच्या काचेवर, बाहेरच्या अंगाला, तळहाताएवढा वाफेचा डाग होता. तो आक्रसत आक्रसत बटणाएवढा झाला, आणि पुन्हा पसरला.