घोडीच्या पाठीवरची ऊब

रिमझिम चुकवायला ती भाचीला कडेवर घेऊन समोर दिसेल त्या पत्र्याखाली शिरली, आणि कुणीतरी तिच्या मानेवर गरम उसासा सोडला! दचकून वळली, तर पांढरी घोडी. तिला खरारा करणारा उंच माणूस हसू दाबत म्हणाला, "घाबरू नका, ओळख करून घेतेय ती."

"आणि तुम्ही?"

"मी... रांगेत आहे."

ती चिडलीच असती. पण कडेवरच्या चिमणीनं, तिच्या भाचीनं, आपला आखडलेला हात घोडीच्या नाकाला लावला होता. आई गेल्यापासून त्या पोरीनं कशालाच आपणहून हात लावला नव्हता.

अशाच आखडलेल्या हातापायांच्या मुलांना तो उपचार म्हणून घोडीवर बसवायचा. "घोडी चालली की पोरीची कंबर हलते, जणू तीच चालतेय," त्यानं समजावलं.

मग मावशी-भाची त्याच्या मैदानावर नेमानं येऊ लागल्या. कात्रीसारखे अडकणारे चिमणीचे पाय घोडीच्या उबेनं सैल पडत. मान सावरू लागली. एका बाजूनं तो चालायचा, दुसऱ्या बाजूनं मावशी. पोरीला धरताना तिच्या पाठीशी दोघांची बोटं एकमेकांना लागत... आणि हात कुणीच काढून घेत नसे.

"आज गप्प?"

"तोल सांभाळतेय."

"चिमणीचा, की स्वतःचा?"

"पुढे बघून चाला!"

पण घोडी थकली, पायानं अधू झाली आणि मैदान बंद पडलं. त्याला दूरच्या शहरात हेच काम मिळालं.

"चला ना, दोघी," तो म्हणाला.

तिचा जीव गलबलला. पण भाऊजी रोज दारातूनच लेकीला हाक मारत. त्या हाकेवरच त्यांचे दिवस रेटत होते. बापापासून लेक तोडून स्वतःचा संसार कसा मांडायचा? आणि चिमणी तर मावशीशिवाय घासही गिळत नसे.

निघायच्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. टेम्पोत सामान चढलं होतं. चिमणी ओट्यावर बसली होती, कशालाही न टेकता.

"मी थांबतो," तो एकदम म्हणाला. "मिळेल काहीतरी काम."

"तिकडे अशी किती पोरं वाट बघत असतील... अडू नकोस. जा तू."

तो थबकला. आजवर दोघांत अहो-जाहोच होतं.

"काय म्हणालात?"

"'तू' म्हणाले." तिचा आवाज फाटला. "आपल्या माणसाला म्हणतात तसं. एकदा तरी म्हणायचं होतं रे... आता जा."

त्यानं तिच्या ओल्या गालावर तळवा ठेवला, क्षणभर. मग तो टेम्पोत चढला.