एकतीस तारखेला आजी कोणाकडे होती

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही कोणी विचारलं तर मी हसून विषय बदलतो. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या घरात घडलंय. त्यातलं बरंचसं मोठ्या मामाने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

तारीख एकतीस. वेळ सकाळी अकराची. रात्र नाही, वादळ नाही. लख्ख ऊन पडलं होतं.

जागा मोठ्या मामाच्या बिल्डिंगचा तळमजला. जिन्याखाली वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची. वॉचमन रजेवर होता...

खुर्चीवर माझी आजी बसली होती.

थोडं मागचं सांगतो. आजोबा गेल्यावर दोन्ही मामांनी आजीची वाटणी केली. चेष्टा करत नाही. एक ते पंधरा मोठ्याकडे, सोळा ते तीस धाकट्याकडे, अदलाबदल सकाळी अकराला. माझ्या आईचं नाव त्यात नव्हतं. "मी पडले दुसऱ्या घरची," असं म्हणून ती मोकळी झाली होती.

मोठा मामा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. धाकट्याचं सलून होतं. एकाचा पाय दिवसभर ब्रेकवर, दुसरा दिवसभर उभा.

आजीची एक काळी बॅग होती. तिची चेन बिघडलेली. अर्ध्यावर अडकायची, झटका दिला की पुढे सरकायची. खर्रर्र... टक्... खर्रर्र. हा आवाज आला की घरात कळायचं, म्हातारीचा मुक्काम हलला.

आणि चेन लागली की आजीचे पाय जायचे.

कमरेखाली काहीच नाही. चिमटा काढला तरी कळायचं नाही. दोघांनी उचलून गाडीत घालावं लागायचं. नव्या घरी दोन-तीन दिवस गेले की धरून धरून चालायला लागायची. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

सगळ्या तपासण्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मामांना समोर बसवून सांगितलं, "पायांत काही दोष नाही. हे सारखं हलवणं त्यांच्या मनाला सोसत नाही. तोंडाने त्या बोलत नाहीत, म्हणून ते पायांतून बाहेर पडतंय. पण दुखणं खरं आहे हं. ढोंग नाही."

मामांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. पायांत दोष नाही. म्हणजे नाटक.

"आई, तू सिनेमात जायला हवं होतंस," धाकटा म्हणायचा. सगळे हसायचे. आजीपण हसायची.

एकतीस तारीख कोणाची, हे मात्र कधी ठरलंच नव्हतं. ती गुपचूप धाकट्याकडे जायची. त्या महिन्यात त्याने कॅलेंडर घेऊन मोजलं.

"दादा, वर्षाला सात दिवस जास्तीचे माझ्या डोक्यावर. का म्हणून?"

"माझं एक तारखेला सुरू होतं," मोठा म्हणाला. "एक म्हणजे एक."

एकतीसला अकरा वाजता धाकट्याने आजीला रिक्षातून आणलं. जिन्याखालच्या खुर्चीत बसवलं, बॅग शेजारी ठेवली, मोठ्याला फोन केला. "माझे पंधरा झाले." आणि निघून गेला.

मोठा मामा दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. आजीचे पाय गेलेले. येणारेजाणारे विचारायचे, ती सांगायची, "मुलगा येतोय खाली."

मामा त्या दिवशी घरीच होता. तीन वाजता तो जिन्यातून वाकून बघायला गेला...

आजीने मान वर केली. नजरानजर झाली. तिने हाक मारली नाही, फक्त हात थोडा उचलला. मामा दोन पावलं मागे सरकला आणि दार लावून घेतलं. 'एक दिवस बसली तर मरत नाही,' असं त्याच्या मनात आलं. हे त्याचेच शब्द आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही.

साडेपाचला शेजारच्या बाईंना ती मेलेली दिसली.

"गैरसमज झाला," दोन्ही मामांनी सगळ्यांना सांगितलं. "मला वाटलं त्याने नेली, त्याला वाटलं मी." लोकांनी मान डोलावली. माझ्या आईनेही.

महिना गेला. एक तारीख आली.

मोठा मामा गाडीत एका बाईंना शिकवत होता. "क्लच हळू सोडा. घाई कसली आहे? आपल्याला पळून जायचंय का?"

मागच्या सीटवरून आवाज आला...

खर्रर्र... टक्... खर्रर्र.

मामाने वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

समोर बस थांबली होती. शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो. मामा तो दाबायला गेला तर पाय हललाच नाही. दुसराही नाही. बाईंनी किंचाळत हँडब्रेक ओढला म्हणून दोघं वाचले. डॅशबोर्डवरच्या घड्याळात अकरा वाजले होते.

पंधरा दिवस मामा पलंगावर होता. रक्त, मणका, मेंदू, सगळं तपासून झालं. रिपोर्ट एकजात नॉर्मल.

"सगळं तर छान आलंय," मामी म्हणाली. "पुरे झालं आता. उठा."

"मी नाटक करतोय का?" मामा ओरडला.

मामी नुसती बघत राहिली. आपण आजीकडे कसं बघायचो ते मामाला त्या दिवशी समजलं.

सोळाला सकाळी अकरा वाजता त्याच्या पायाची बोटं हलली. पाच मिनिटांत तो रडत रडत खोलीभर चालत होता. आनंदाने त्याने भावाला फोन लावला. तो सलूनमधल्या एका गिऱ्हाइकाने उचलला.

"ते खाली पडलेत हो... पाय गेले म्हणतायत."

तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांनाही कळून चुकलं. एक ते पंधरा मोठ्याचे पाय, सोळा ते तीस धाकट्याचे. वेळ अकराची. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण ते यावरूनही भांडले. फेब्रुवारीत मोठा फोनवर म्हणाला, "तुझे तेराच दिवस. मला मात्र पुरे पंधरा."

एकदा सोळा तारखेला मोठा मामा मुद्दाम रिक्षा करून सलूनमध्ये गेला. अकराला पाच कमी होते. पाय अजून गेलेलेच, रिक्षावाल्याने उचलून दारातल्या बाकावर बसवलं. धाकट्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर होता.

"दादा, जा इथून."

मामा तिथेच बसून राहिला.

मग खुर्चीच्या मागून...

खर्रर्र...

धाकट्याने वस्तरा घाईने मिटला, खिशात टाकला आणि फरशीवर कोसळला. कोसळताना तो भावाकडेच बघत होता.

"मला बरं वाटलं रे," मामाने मला सांगितलं. "तो पडला आणि मला आतून बरं वाटलं."

एकतीसला दोघांचेही पाय चांगले असायचे. त्या दिवशी ती कुठे असते, हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे आई त्या दिवशी सकाळपासून टीव्ही मोठ्याने लावून बसायची. मला तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं.

शेवटी दोघं त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मामांना ओळखलं. "त्या दिवशी नक्की काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गैरसमज झाला," मोठा म्हणाला.

"तुम्ही सांगत नाही तोवर पाय सांगत राहणार."

पुढच्या महिन्यात, अठरा तारखेला, धाकट्याचा फोन आला. तो पडल्या पडल्या रडत होता. "दादा, मी ताईला सांगून टाकतो. मी एक वाजता परत आलो होतो. गेटमधून तिला बघितलं आणि स्कूटर वळवली. आता सहन होत नाही."

"खबरदार," मोठा म्हणाला. "तू सांगितलंस की लोक माझ्यावर येतील. तोंड बंद ठेव."

धाकट्याने तोंड बंद ठेवलं. वीस तारखेला सरपटत बाथरूममध्ये जाताना त्याचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. तो गेला.

बातमी आली तेव्हा मोठा मामा स्वतःच्या पायांवर उभा होता. त्याच्या मनात आधी भाऊ आला नाही. आधी तारीख आली. वीस. अजून दहा दिवस बाकी... ते कोणाचे?

तो बूट घालायला वाकला. चार वाजून गेले होते, अकरा नाही...

आवाज या वेळी अगदी कानाशी आला.

भावाला शेवटचं बघायलाही तो जाऊ शकला नाही. सगळे म्हणाले, धक्का बसला.

मग त्याने सांगितलं. डॉक्टरीणबाईंना, मामीला, माझ्या आईला, मला. जिना, तीन वाजता, उचललेला हात, सगळं. ढसाढसा रडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सुटेल."

आठ महिने झाले. सोळा तारखा येतात आणि जातात. पाय सुटले नाहीत.

"जाणार कुठे ती?" मामा मला म्हणाला. "दोघं होतो तेव्हा जात होती. आता मी एकटाच उरलोय."

त्याच दिवशी त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. आजीच्या फोनवरून शेवटचा कॉल दुपारी बारा वाजता गेला होता. माझ्या आईला. चार मिनिटं. आईने हे आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मामाला आता अन्नही जात नाही. हातांची काडी झाली आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस धरून चालू नका.

आई रोज सकाळी अकराला त्याला फोन करते. मला वाटायचं, भावाची काळजी. परवा मी तिच्या मागेच उभा होतो, तिला माहीत नव्हतं.

"पाय कसे आहेत?" आईने विचारलं.

"तसेच," मामाचा बारीक आवाज आला. "नाही गं हलत."

आई टेबलाची कड धरून उठली. एक पाऊल टाकलं. थांबली. दुसरं टाकलं... आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"असू दे," ती फोनमध्ये हळूच म्हणाली. "तुझ्याकडेच असू दे तिला."