पुलावरचा सातवा

दाताच्या डॉक्टरीणबाई चित्र परत घेऊन आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कागदात गुंडाळलेली चौकट त्यांनी टेबलावर ठेवली आणि जरा ओशाळूनच म्हणाल्या, "तक्रार नाही हो. पण पुलावर सहा माणसं म्हणाला होता ना तुम्ही? आमच्याकडे ताटकळलेले पेशंट दुसरं काय करणार, मोजत बसतात. सात भरतात."

"दाढदुखीत एखादा जास्तच दिसायचा," तो हसला आणि कागद सोडून बोटाने मोजू लागला.

सात होते.

लोक त्याला नक्कलमास्तर म्हणत, आणि त्यात त्याला काही गैर वाटत नसे. लाकडी ठशांवरून छापलेली जुनी जपानी चित्रं पाहून त्यांच्या हुबेहूब प्रती हाताने रंगवायच्या, हा त्याचा आणि थोरल्या भावाचा तीस वर्षांचा धंदा. लाटा, डोंगर, पावसातला पूल. रेघा दादाच्या, रंग ह्याचे. पावसाच्या तिरक्या रेघा दादा श्वास रोखून एका दमात ओढायचा, आणि ठशाच्या लाकडाच्या शिरासुद्धा ब्रशने अशा उठवायचा की जाणकारही फसावेत.

मग दादाचा हात कापू लागला.

'आता पुरे' म्हणायची मास्तरची छाती झाली नाही. तो 'झकास' म्हणायचा, आणि दादा घरी गेला की तो कागद चुरगाळून खोक्यात टाकायचा, नव्या कागदावर स्वतःच रेघा ओढायचा. आठ महिने असं चाललं. एका दुपारी शाईचा रंग बघायला दादाला कपटा हवा होता. तो खोक्याशी वाकला. एक कागद उलगडला, दुसरा उलगडला, तिसरा गुडघ्यावर ठेवून तळव्याने सारखा केला. तसाच उठून भर पावसात चालू लागला. मास्तरने खिडकीतून पाहिलं. समोर आभाळाची निळाई अर्धी उतरवून झाली होती; ओला रंग सोडला असता तर डाग पडला असता. एवढं उरकून जातो मागे, असं तो मनाशी म्हणाला. उरकलं तोवर दादा दिसेनासा झाला होता. ताप भरला, नवव्या दिवशी सगळं आटोपलं. वहिनींना मास्तरने एवढंच सांगितलं होतं, "कंटाळा आला म्हणाला, फिरायला गेला."

आणि आता, दादा गेल्यावर एकट्याने केलेल्या ह्या चित्रात, पुलाच्या पलीकडच्या टोकाला हा सातवा. बाकीच्यांनी छत्र्या धरलेल्या, टोप्या ओढलेल्या, हा बोडका. मास्तरने भिंग लावलं. रेघ कापत होती.

"नजरचूक झाली," तो म्हणाला. "दुसरं करून देतो."

दुसरं त्याने लख्ख उजेडात केलं. देताना डॉक्टरीणबाईंकडूनच मोजून घेतलं. सहा. आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"मास्तर, तो आलाय... आणि पहिल्यापेक्षा पुढे आलाय. तुम्ही घेऊन जा हे. मला भिंतीकडे पाठ करून काम करवत नाही."

तो पुलाच्या मध्यावर पोचला होता. कपडे अंगाला चिकटलेले, उजवा पंजा डाव्या काखेत दडवलेला. हात कापायला लागल्यापासून चारचौघांत दादा अस्साच उभा राहायचा.

चित्र कामाच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलं होतं. दादाचे ब्रश न्यायला वहिनी आल्या आणि त्याच्यासमोरच थबकल्या. सातव्यावर त्यांनी हलकेच बोट ठेवलं.

"ही ह्यांची रेघ. केव्हा काढलं हे?"

तेव्हाही खरं बोलता आलं असतं. पण तोंडातून निघालं, "शेवटचं काम, वहिनी."

वहिनींचे डोळे भरून आले. "म्हणजे हात चालत होता की! तापात उगाच म्हणत होते, मी संपलो म्हणून."

त्या चित्र छातीशी धरून घेऊन गेल्या. मास्तरने ब्रश हातात घेतला की दादाचा तळवा आठवे, गुडघ्यावरच्या कागदाची एकेक चुणी काढणारा. पंधरा दिवसांनी त्याने मनाशी पक्कं केलं, की आता सांगून टाकायचं. वहिनींनी घराबाहेर काढलं तरी चालेल. जेवणवेळ टळल्यावर तो त्यांच्या दारात उभा राहिला.

दार किलकिलं झालं. वहिनींचा चेहरा उजळलेला होता. कितीतरी दिवसांनी केस नीट विंचरलेले. आतून ओल्या कपड्यांचा कुबट वास आला. बाहेर तर कडकडीत ऊन होतं.

"वहिनी, मला बोलायचंय. दादाचे कागद... ते मी..."

"चुरगाळून टाकत होतात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "कळलं मला. परवाच सांगितलंन सगळं."

"कुणी?"

"हळू बोला, भाऊजी. आत्ता कुठे डोळा लागलाय."

दुःखाने ह्यांचं डोकं फिरलं, त्याच्या मनात आलं. तो धीर करून आत शिरला. चित्र समोरच टांगलेलं होतं. पाऊस तसाच, पूल तसाच. त्याने मोजलं. पुन्हा मोजलं.

सहा.

झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याचे पाय आपोआप तिकडे वळले. फळीवर हात टेकला, पण ढकलवेना.

"दादा..." तो पुटपुटला. "दादा, चुकलं रे माझं."

आत खाट करकरली. कुणीतरी सावकाश, जड अंगाने कूस बदलली.

वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी त्याचा हात हळूच दारावरून काढला.

"भिंतीकडे तोंड केलंन," त्या कुजबुजल्या. "तुमचं नाव काढलं की असंच करतात."