तिसरा धडा

आमच्या प्रयोगशाळेत दात बनतात. दवाखान्यातून जबड्याचा ठसा येतो, त्यावरून आम्ही मेणात दात कोरायचो, पुढचं भट्टी बघायची. मला हे काम मास्तरांनी शिकवलं. गरम मेणाने बोटं पोळली की ते म्हणायचे, "पोळू दे, पोरी. बोटं शहाणी होतात." वर्षभर शिकवलं, पण एकदाही आवाज चढवला नाही.

मग मेण गेलं आणि संगणक आले. मालकांनी सहा आठवडे दिले. धडे गिरवा, परीक्षा द्या, पास होईल तो राहील. मी पंधरा दिवसांत पास झाले. मास्तर तिसऱ्या, शेवटच्या धड्यात अडकले. त्यात पडद्यावरचा दात फिरवून मागची बाजू कोरायची असते. मास्तर दात फिरवायचेच नाहीत. मागची बाजू बघायला स्वतःच पडद्याच्या मागे वाकायचे. सगळे खो-खो हसायचे. मीही हसले.

"पोरी, एकदा सावकाश दाखव ना."

"उद्या नक्की, मास्तर."

असे नऊ उद्या गेले. मास्तर नापास होऊन घरी बसले आणि दोन महिन्यांत वारले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण दिलं. त्यांच्या मुलीला तोंड दाखवायची मला अजून लाज वाटते.

पुढे सरावाच्या नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरांचं लॉगिन चालूच होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत, एक ते दीड : तिसरा धडा, अपूर्ण. कोणीतरी चेष्टा करतंय असं समजून मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशीही नोंद आली.

म्हणून मी माझा डबा त्यांच्या जुन्या टेबलापाशी नेला. एक वाजता पडदा उजळला. माऊसला कोणाचाच हात नव्हता. दात पुढून घडत गेला, इतका सुबक की घास माझ्या हातातच राहिला. मग माऊसचा बाण थांबला. बराच वेळ थांबला. दात फिरला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

"शनिवारी ते लॉगिन काढून टाक," मालक म्हणाले. "नवीन माणसाला लागेल."

"मास्तरांचं आहे ते."

"अगं, माणूसच नाही, तर ठेवायचं कोणासाठी?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ते काढलं असतं तर मास्तर कायमचे नापास राहिले असते.

शनिवारी एक वाजता मी त्यांची खुर्ची टेबलाशी ओढली, मागे उभी राहिले आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला.

"मास्तर, वाकू नका. उजवं बटण दाबून धरा. आता सरकवा. दातच तुमच्याकडे वळतो."

बाण थरथरला.

"घाई नाही. मला वेळ आहे."

दात वळला.

मला रडू आवरेना. मागची बाजू हळूहळू कोरून झाली. धडा संपला, लगेच परीक्षा सुरू झाली. दीड वाजता पडद्यावर उमटलं : पास.

परीक्षा देणाऱ्याचा फोटो संगणक आपोआप काढतो. तो मी उघडला. खुर्ची रिकामी आहे. मागे मी आहे. माझा हात मात्र खुर्चीच्या पाठीवर नाही. तो वीतभर वर आहे, आणि बोटं कशावर तरी नीट टेकलेली आहेत.